रजोनिवृत्तीनंतरचे मधल्या वेळचे खाणे: किती, कशाच्या जागी आणि कसे बनवायचे

पाळी सलग बारा महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. त्याच्या आगेमागे बऱ्याच जणींचा अनुभव सारखाच असतो. जेवण तेच, चालणे तेच, तरी कंबर घट्ट होते आणि रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल अचानक वर आलेले दिसते. यात खाण्यातल्या ढिलाईचा वाटा असेलही, पण मूळ बदल आतला आहे. रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उपसून घेणारे रिसेप्टर (पेशींवरचे पकडणारे रेणू) यकृतात असतात आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्यांची संख्या टिकवून ठेवते. इस्ट्रोजेन उतरले की उपसा मंदावतो. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात एलडीएल चढण्याचा वेग शेवटच्या पाळीच्या आधीच्या आणि नंतरच्या एका वर्षात सर्वांत जास्त दिसला. याच काळात चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटाच्या आत साठू लागते, स्नायू घटतात आणि इन्शुलिनला शरीर पूर्वीइतकी दाद देत नाही.

या बदलाला पुरून उरेल असा एकही पदार्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण दिवसातून दोनदा होणारे मधल्या वेळचे खाणे नीट बसवले तर एलडीएल, जेवणानंतरची साखर आणि भूक या तिन्हींवर मोजता येईल इतका परिणाम होतो. त्यासाठी खाणे तीन कसोट्यांना उतरले पाहिजे. उपयोगी घटक पुरेशा मात्रेत असला पाहिजे, तो पदार्थ दुसऱ्या कशाच्या तरी जागी आला पाहिजे आणि बनवताना तो घटक निकामी झालेला नसावा. बाजारातले बहुतेक ‘फंक्शनल’ (आरोग्याला खास उपयोगी म्हणून विकले जाणारे) स्नॅक यांपैकी निदान एका कसोटीवर नापास होतात.

आधी जागा मोकळी करा

सर्वांत जास्त चूक इथे होते. बिस्किटे चालूच राहतात आणि वर मूठभर बदाम, चमचाभर जवस, दोन प्रून असे ‘आरोग्याचे’ खाणे येऊन बसते. दिवसाला २०० कॅलरी वाढल्या की पोटाच्या चरबीपुढे जवसाचे काही चालत नाही. म्हणून पहिले तीन दिवस काहीही न बदलता फक्त लिहून काढा: दोन जेवणांच्या मध्ये काय खाल्ले, किती वाजता, किती. चहा-कॉफीतली साखर आणि रात्री जाग आल्यावर खाल्लेले सुद्धा. त्यातले कोणते दोन पदार्थ जाणार हे आधी ठरवा, मगच नवे आणा.

मधल्या वेळच्या खाण्यासाठी दिवसाला एकूण ३०० ते ४०० कॅलरी धरा, म्हणजे प्रत्येक वेळी १५० ते २००, फार तर सव्वादोनशे. त्यात निदान ८ ते १५ ग्रॅम प्रथिने आणि ४ ते ५ ग्रॅम फायबर हवे. प्रथिनांचा आग्रह स्नायूंसाठी आहे. वय वाढते तसे स्नायू बांधायला त्याच प्रथिनांचा उपयोग कमी होतो, म्हणून वयस्कांच्या आहारावर काम करणारे तज्ज्ञ वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. ६० किलो वजनाच्या बाईला ही मात्रा ६० ते ७२ ग्रॅम होते आणि तिन्ही जेवणांतून ती गाठणे अनेकींना जड जाते. मधले खाणे ही उणीव भरून काढते.

कोणता घटक, किती

ओट्स आणि बार्लीत बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो. आतड्यात तो चिकट जेली बनवतो आणि पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. नवी पित्ताम्ले बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागते, ते रक्तातून ओढले जाते आणि एलडीएल उतरते. यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन लागते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदयविषयक दावा मान्य केला तो याच मात्रेवर. यातून एलडीएल साधारण ५ टक्के उतरते. साध्या ओट्समध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ४ ग्रॅम आणि ओट ब्रॅनमध्ये (ओटचा कोंडा) ५.५ ते ८ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन असते. ‘ओट्सयुक्त’ बिस्किटात ओट्स १५ टक्के असतील तर ३ ग्रॅमसाठी अर्धा किलो बिस्किटे खावी लागतील. हा हिशेब वेष्टनावर कुठे छापलेला नसतो, तो स्वतःच करावा लागतो.

इसबगोलाचे काम त्याच पद्धतीने चालते. त्यासाठी मान्य झालेली मात्रा दिवसाला ७ ग्रॅम विरघळणारा तंतू आहे. मात्र ५ ग्रॅमला निदान २४० मिली पाणी हवे. कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतले तर ते घशात फुगून अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

सोयाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिनांनी एलडीएल ३ ते ४ टक्के उतरते. रजोनिवृत्ती झालेल्या ६० स्त्रियांवर आठ आठवडे झालेल्या एका चाचणीत बिनमिठाचे भाजलेले सोयाबीन रोज अर्धा कप, दिवसभरात तीन-चार वेळा विभागून दिले होते. ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला होता त्यांचा रक्तदाब आणि एलडीएल दोन्ही उतरले. त्या चाचणीत सोयाबीन इतर प्रथिनांच्या जागी दिले होते, हे विसरू नका. शिवाय सोयातल्या आयसोफ्लाव्होनचे (इस्ट्रोजेनसारख्या वनस्पती घटकांचे) इक्वॉल हे जास्त प्रभावी रूप करणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. त्यामुळे मैत्रिणीला आलेला गुण तुम्हाला येईलच असे नाही.

बदाम-अक्रोड दिवसाला ३० ग्रॅम पुरे. बदामांची एक गंमत आहे. २८ ग्रॅम बदामांच्या कॅलरी कोष्टकात १७० च्या आसपास लिहितात, पण अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रत्यक्ष मोजले तेव्हा सबंध बदामांतून शरीराला सुमारे १२९ मिळतात असे दिसले. बदामाच्या पेशींच्या भिंती चावूनही पूर्ण फुटत नाहीत आणि आतले तेल तसेच पुढे जाते. त्याच बदामांचे बटर केले की भिंती फुटतात आणि हा फायदा जातो. म्हणून दाणे सबंध किंवा जाडसर चिरून खा.

जवसाचे याच्या उलट आहे. त्याचे टरफल इतके चिवट असते की सबंध दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो, म्हणून ते दळलेलेच हवे. १० ग्रॅम जवसात सुमारे ५३ कॅलरी आणि २.७ ग्रॅम फायबर असते. रक्तदाबावर परिणाम दाखवणाऱ्या चाचणीत रोज ३० ग्रॅम दिले होते, पण सुरुवात १० पासून करा. दळलेले जवस हवेने खवट होते. आठवड्यापुरते दळा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. माशासारखा किंवा ऑइल पेंटसारखा वास आला तर टाकून द्या.

प्रून म्हणजे सुकवलेले आलुबुखार. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २३५ स्त्रियांवर वर्षभर झालेल्या चाचणीत रोज ५० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा, प्रून खाणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता जवळपास टिकली आणि न खाणाऱ्यांची घटली. १०० ग्रॅमच्या गटातल्या बऱ्याच जणी मध्येच सोडून गेल्या. मात्रा वाढवून उपयोग नाही, ती रोज पोटाला झेपली पाहिजे. ५० ग्रॅममध्ये १२० कॅलरी आणि सुमारे १९ ग्रॅम साखर असते, तेव्हा हेही कशाच्या तरी जागीच आले पाहिजेत.

ओट ब्रॅनच्या वड्या, १२ नग

ओट ब्रॅन १५० ग्रॅम, जाड ओट्स १०० ग्रॅम, दळलेले जवस ५० ग्रॅम, जाडसर चिरलेले बदाम ८० ग्रॅम, बिया काढलेले प्रून १२० ग्रॅम, गरम पाणी १५० मिली, पाणी निथळलेले कमी चरबीचे घट्ट दही २०० ग्रॅम, २ अंडी, दालचिनी पूड १ चमचा, मीठ पाव चमचा. साखर, मध, सिरप काहीही घालायचे नाही.

प्रून गरम पाण्यात १५ मिनिटे भिजवा आणि त्याच पाण्यात काट्याने चेचा. मिक्सरमधून गुळगुळीत पेस्ट करू नका. फळाची रचना मोडली की त्यातली साखर लवकर शोषली जाते, आणि वडीत मध्येमध्ये फळाचा तुकडा दाताखाली आला तर ती गोडही जास्त वाटते. त्यात दही आणि फेटलेली अंडी मिसळा, मग कोरडे जिन्नस घाला. आता २० मिनिटे झाकून ठेवा. ही पायरी गाळली की वड्यांचा भुगा होतो, कारण कोंड्याला पाणी ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. २० मिनिटांनंतर मिश्रण चमच्यावरून सावकाश, गोळ्याने सुटले पाहिजे. सरसर ओघळत असेल तर दोन चमचे ओट ब्रॅन घाला. चमचा उभा राहत असेल तर दोन चमचे पाणी घाला.

२० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये कागद घालून मिश्रण थापा. १७० अंश सेल्सियसला ३० ते ३५ मिनिटे भाजा. कडा तांबूस होऊन ट्रेपासून सुटू लागतात आणि मध्यभाग बोटाने दाबला तर उसळून वर येतो, तेव्हा झाले. गरम असताना कापू नका. जेल थंड होताना घट्ट होते, तासाभराने सुरी स्वच्छ निघते.

एका वडीत साधारण १७० कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम फायबर आणि १ ते १.२ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन मिळते. सकाळी ५० ग्रॅम ओट्स खाल्ले तर त्यातून २ ग्रॅम येते, म्हणजे एका वडीत दिवसाचे ३ ग्रॅम पुरे होतात. सकाळी ओट्स नको असतील तर तीन वड्या खाव्या लागतील. त्या ५०० कॅलरींच्या पुढे जातात, तेव्हा तसे करू नका.

या कृतीत गव्हाचे पीठ आणि यीस्ट का नाही? पीठ आंबत असताना गव्हातले विकर (एन्झाइम) बीटा-ग्लुकॅनच्या लांब साखळ्या तोडतात. साखळी तुटली की चिकटपणा जातो आणि चिकटपणावरच तर सगळे काम चालते. जोराच्या दाबाने फुलवलेल्या तृणधान्यांच्या एका चाचणीत साखळ्या आखूड झालेल्या ओट्सचा परिणाम जवळपास निम्म्यावर आला होता. मात्रा मात्र तितकीच होती. फुगवलेल्या, कुरकुरीत ओट स्नॅकवर बीटा-ग्लुकॅनचा आकडा छापलेला असला तरी तो अर्धवटच भरवशाचा, तो यामुळे.

साठवणीतही एक खोच आहे. ओट ब्रॅनचे भाजलेले पदार्थ गोठवून ठेवले तर त्यातल्या बीटा-ग्लुकॅनची विद्राव्यता घटते. महिन्याभराच्या वड्या करून फ्रीझरमध्ये टाकण्याचा मोह टाळा. फ्रिजमध्ये बंद डब्यात पाच दिवस चांगल्या राहतात. घरात खाणारी एकटी असेल तर निम्म्या मापाने करा.

वड्या कडू लागल्या तर बहुतेक वेळा दोष जवसाचा असतो. चिकट, लगदा झाल्या तर ओट्स फार बारीक दळलेले होते किंवा पाणी जास्त झाले. अंडे न खाणाऱ्यांनी दोन अंड्यांऐवजी २० ग्रॅम दळलेले जवस ६० मिली पाण्यात १० मिनिटे भिजवून घालावे. वडी थोडी नरम होते आणि प्रत्येकीमागे साधारण पाऊण ग्रॅम प्रथिने कमी भरतात.

भाजलेले सोयाबीन

२०० ग्रॅम सुके सोयाबीन भरपूर पाण्यात ८ ते १० तास भिजवा. ते पाणी फेकून ताज्या पाण्यात ३० मिनिटे उकळा. थेट भाजण्याची घाई नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात आणि ओलसर उष्णतेने ते नीट मोडतात. निथळून कापडावर अर्धा तास कोरडे होऊ द्या. ट्रेमध्ये एकाच थरात पसरा, १७० अंशाला ४५ ते ५५ मिनिटे भाजा आणि दर १५ मिनिटांनी हलवा. एक दाणा काढून थंड करा. तो कट्‌कन फुटला पाहिजे. मधोमध ओलसर राहिला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. बाहेरून पटकन काळा आणि आत मऊ निघाला तर आच जास्त होती. मीठ घालायचेच असेल तर पूर्ण थंड होण्याआधी चिमूटभर. मसाल्यासाठी तेल लागले तर २०० ग्रॅमला एक चमचाच.

३० ग्रॅममध्ये सुमारे १३५ कॅलरी आणि ११ ते १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. पिशवीतून थेट खाऊ नका. आठवड्याचे भाग वाटीने नाही तर वजनकाट्यावर मोजून लहान डब्यांत भरून ठेवा. मूठ प्रत्येकीची वेगळी असते आणि तीच मूठ टीव्हीसमोर मोठी होते.

दह्याचा वाडगा

१५० ग्रॅम निथळलेले घट्ट दही, १० ग्रॅम दळलेले जवस, चिरलेले २५ ग्रॅम प्रून. साधारण २२० कॅलरी, १७ ग्रॅम प्रथिने. जवस खाण्याच्या पाच मिनिटे आधी मिसळा. रात्रभर ठेवले तर दही बुळबुळीत होते आणि मग कोणी खात नाही. कॅल्शियमबाबत एक गैरसमज आहे. दही निथळले की प्रथिने दाट होतात, पण आंबट पाण्याबरोबर बरेच कॅल्शियम निघून जाते. ५१ वर्षांपुढच्या स्त्रियांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे आणि या वाडग्यातून त्यातले सुमारे १६० मिळते. उरलेल्यासाठी साधे दूध-दही वेगळे हवेच.

विकतचे घ्यायचेच असेल तर

समोरच्या बाजूचे सगळे दावे सोडून मागचा तक्ता पाहा, तोही १०० ग्रॅमचा स्तंभ. युरोपातल्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम फायबर असेल तर ‘भरपूर फायबर’ म्हणता येते आणि साखर ५ ग्रॅमच्या आत असेल तर ‘कमी साखर’. हे आकडे कुठेही मापदंड म्हणून चालतात. सोडियम १२० मिलिग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, ४०० च्या वर असेल तर खाली ठेवा. पहिल्या तीन जिन्नसांत सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा कोणतेही पीठ असेल तर तो गोड पदार्थच आहे, वर बिया कितीही पेरलेल्या असोत. फायबरचा आकडा चिकोरीच्या मुळातल्या इन्युलिन या तंतूने फुगवलेला असेल तर ते आतड्यातल्या जिवाणूंसाठी ठीक, पण एलडीएलसाठी त्यावर बीटा-ग्लुकॅनइतका भरवसा ठेवू नका. त्याने पोटही फुगते. माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेल्या ‘शुगर-फ्री’ वडीनेही रक्तातली साखर चढते, नेहमीच्या साखरेपेक्षा कमी इतकेच.

पोट बिघडू न देता सुरुवात

फायबर आठवड्याला ५ ग्रॅमपेक्षा जास्त वेगाने वाढवू नका. पहिल्या आठवड्यात रोज अर्धी वडी, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात सोयाबीन किंवा दह्याचा वाडगा. सगळे एकाच दिवशी सुरू केले तर गॅस आणि पोटदुखीने चौथ्या दिवशी सोडून द्यावेसे वाटते आणि दोष पदार्थावर येतो. फायबर वाढवले आणि पाणी तेवढेच राहिले तर बद्धकोष्ठ वाढते.

दोन जेवणांमधले अंतर पाच तासांहून मोठे असेल तिथे खाणे ठेवा. दुपारचे जेवण एकला आणि रात्रीचे आठला असेल तर साडेचार-पाचची वेळ सर्वांत उपयोगी, कारण कडधान्यांसारखे सावकाश पचणारे खाणे पोटात असले की पुढच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. घाम फुटून रात्री जाग येत असेल तेव्हा आधी पाणी प्या आणि दहा मिनिटे थांबा. अपुऱ्या झोपेने गोड खाण्याची ओढ वाढते, ती खरी भूक असेलच असे नाही.

औषधे आणि आजार

थायरॉइडची गोळी आणि सोया, इसबगोल किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर ठेवा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल तर पिष्टमय खाणे काढून हे आणण्याआधी डॉक्टरांना सांगा, साखर खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रून, बदाम आणि सोयातल्या पोटॅशियमचा हिशेब आधी आहारतज्ज्ञांकडून करून घ्या. वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्यांनी प्रूनची मात्रा रोज सारखी ठेवावी आणि रक्त किती पातळ आहे याची तपासणी चुकवू नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आयसोफ्लाव्होनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

मोजायचे काय

सुरू करण्याआधी कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि एलडीएल लिहून ठेवा. मेटाबॉलिक सिंड्रोम (हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका वाढवणारी लक्षणे एकत्र असणे) ठरवताना स्त्रियांसाठी कंबर ८० किंवा ८८ सेंटिमीटर (वंश आणि देशानुसार), ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ आणि उपाशीपोटी साखर १०० हे आकडे धरतात. पाचांपैकी तीन बाहेर असतील तर डॉक्टरांची गाठ घ्यायलाच हवी. खाण्यातला बदल त्या उपचाराला जोड म्हणून आहे, त्याची जागा घेणारा नाही.

कंबर सकाळी, उभे राहून, श्वास सोडल्यावर मोजा. टेप शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये धरा, बेंबीचा अंदाज नको. एलडीएल सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी (या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून सरासरी साखर दाखवणारी तपासणी) तीन महिन्यांच्या आत पाहून काही कळत नाही.

किती फरकाची आशा धरावी? टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने चिकट तंतू, सोया, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल (कोलेस्टेरॉलचे शोषण अडवणारे वनस्पती घटक) एकत्र दिले तेव्हा २००३ मधल्या चाचणीत एलडीएल सुमारे २८ टक्के उतरले. तिथे खाणे संशोधक पुरवत होते. २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन घरी सोडले तेव्हा उतार १३ टक्क्यांच्या आसपास आला. आठ आठवड्यांनी आकडा हलला नसेल तर पदार्थ बदलण्याआधी डबे तपासा: वडी आठवड्यातून किती दिवस खरोखर खाल्ली, आणि जे काढून टाकायचे ठरले होते ते परत आलेले तर नाही ना.